तीन बोल्यांचा नियम

रेशमाच्या कोषाला थांबणं माहीत नसतं. आतलं पाखरू तयार झालं की भोक पाडून बाहेर येतं, धागा तुटतो आणि माल मातीमोल होतो. हे व्यापाऱ्यांनाही पक्कं ठाऊक. म्हणून आमच्या बाजारात ते आधी टपरीवर चहा पीत आपसात ठरवायचे, कुणाचा ढीग कुणी घ्यायचा. मग लिलावात एकानेच बोली लावायची आणि बाकीच्यांनी मोबाइल बघत बसायचं.

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. घनसावंगीकडच्या, माझ्यासारख्या कोष पिकवणाऱ्या बाया गोळा करून मी बाजाराच्या साहेबांशी भांडले. माणूस सरळ होता. त्यांनी नियम केला: तिघांनी बोली लावल्याशिवाय लिलाव धरायचा नाही. परतताना जीपमध्ये मी पेढे वाटले.

पुढच्या खेपेला माल घेऊन गेलो, तर व्यापारी एकच. बाकीचे फिरकलेच नाहीत. दुपार उलटली तशी साहेबांनी लिलाव रद्द केला. आमच्या ह्यांनी एक कोष कापून बघितला. आत पंख फुटत आले होते.

"साहेब, आजच्या दिवस नियम सोडा ना."

"ताई, नियम तुम्हीच मागितला. आज तुमच्यासाठी मोडला, तर उद्या कुणासाठी पाळू?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेवढ्यात माझ्यासोबत भांडायला आलेली एक तरणी बाई पुढं आली.

"वैनी, तुमचा नियम बराबर हाय. पर पाखरू निघून राह्यलं. मंग आम्ही काय करावं?"

साहेबांनी तो कापलेला कोष हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, "नियम मागे घेतो. पण ज्यांनी मागितला, त्यांनीच सगळ्यांसमोर नको म्हणावं."

सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. मी ओट्यावर चढले. "नको आम्हाला नियम. एकच बोली चालंल." रडू येत होतं, पण त्या व्यापाऱ्यासमोर रडायचं नव्हतं. त्याने शांतपणे भाव सांगितला. मागच्या खेपेपेक्षाही कमी होता. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा माल गेला.

जाताना ती तरणी बाई माझ्या पाया पडली. "वैनी, लय उपकार झाले तुमचे," म्हणाली. त्यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत मारली असती, तर मला सोसलं असतं.