चतुःसीमेसह लिहिलेला पत्ता

ते पाकीट मला अजून विसरता आलेले नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण निवृत्त झाल्यावर मन पोखरते ते हे साधे अर्ज चौकशीचे प्रकरण.

वारंगा फाट्याकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सकाळी हद्दीतल्या गावातला म्हातारा शेतकरी समोर येऊन उभा राहिला. त्याचा एकुलता एक मुलगा आखाती देशात एका कंपनीत ड्रायव्हर होता. छातीत कळ येऊन तो तिथेच वारला. प्रेत तिथल्या दवाखान्याच्या शवागारात होते. ते गावी पाठवायचे तर वडिलांच्या सहीचे मूळ संमतिपत्र कंपनीच्या हाती पडायला हवे होते. मोबाइलवरचा फोटो चालणार नव्हता. दूतावासाला फोन लावला, तिथूनही तेच उत्तर मिळाले. मुदत महिन्याची होती. ती संपली की ते लोक त्याला तिथेच दफन करणार होते.

"लेकराला आपल्या मातीत आणा साहेब," म्हातारा म्हणाला. "त्याची माय अन्नाला शिवून न्हाई राहिली."

मी जातीने उभे राहून कागद तयार करून घेतला. पाकिटावर पत्ताही मीच लिहिला. मुलाच्या खोलीत याच गावचा एक सोबती राहायचा, पाकीट खोलीवर आले की तो ते कंपनीत नेऊन देणार होता. त्याला फोन लावून एकेक गोष्ट विचारली. पंचनाम्यात जागेची चतुःसीमा लिहायची आम्हा पोलिसांना सवय. तशीच इंग्रजीत लिहून काढली. कंपनीचे नाव, कामगारांच्या खोल्या, खोली क्रमांक चौदा, पूर्वेस पाण्याची टाकी, दक्षिणेस मशीद, पश्चिमेस किराणा दुकान, उत्तरेस रस्ता. सोबती मध्येच म्हणाला, "साहेब, इथं खोलीवर पोस्ट..." मी त्याला तिथेच तोडले. "विचारलं तेवढंच सांग." पाकीट पाहून ठाणे अंमलदार म्हणाला, या पत्त्यावर आंधळासुद्धा पोहोचेल. मला मनातून बरे वाटले.

गावच्या पोस्टमनने ते हिंगोलीला नेऊन रजिस्टर केले आणि पावती म्हाताऱ्याला दिली. म्हाताऱ्याने ती बंडीच्या खिशात ठेवली, आणि बंडी धुण्यात गेली. दहा-बारा दिवस झाले तरी कंपनीत काही पोहोचेना. एवढ्यात आमच्या खबऱ्याने कानावर घातले की पोस्टमनचे आणि म्हाताऱ्याच्या घरच्यांचे बांधावरून जुने भांडण आहे, पाकीट त्यानेच दाबले असणार. म्हाताऱ्यानेही रडत रडत तसाच अर्ज दिला. मी अर्ज चौकशीवर घेतला आणि पोस्टमनला बोलावणे धाडले.

आमची पद्धत ठरलेली असते. सकाळी दहाला बोलवायचे, दिवस मावळेपर्यंत बाकावर बसवायचे, मधूनमधून आत घेऊन तेच प्रश्न विचारायचे. असे चार दिवस केले. खोटे बोलणारा माणूस रोज तपशील वाढवत जातो, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. हा मात्र एकच वाक्य धरून होता. "पाकीट गेलं साहेब, हिंगोलीचं रजिस्टर पाहा." मला तो बेरकी वाटला.

तिसऱ्या दिवशी त्याने भीत भीत विचारले, "त्याच्यावर पत्ता कोणी लिव्हला व्हता साहेब?"

मी टेबलावर हात आपटला. "प्रश्न मी विचारायचे."

पाचव्या दिवशी एका अंमलदाराला हिंगोलीच्या पोस्टात धाडले. हे पहिल्याच दिवशी करायचे काम होते. रजिस्टरमध्ये नोंद सापडली, नंबर मिळाला. संगणकावर पाहिले तर पाकीट आठव्या दिवशीच त्या देशात पोहोचले होते. पुढे शेरा होता, पत्ता अपूर्ण. सहा ओळी लिहिल्या होत्या मी!

पोस्टमन बाकावरच बसलेला होता. त्याला आत बोलावून संगणकाच्या पडद्यावरचा शेरा दाखवला.

"तिकडं दारावर पोस्टमन जात न्हाई साहेब," तो हळूच म्हणाला. "कंपनी पोस्टात पेटी घेते, तिला नंबर असतो. कंपनीचा माणूस जाऊन तिथून टपाल आणतो. गावातली सात-आठ पोरं तिकडं हायेत. त्यांची पाकिटं मीच वाटतो, समद्यांच्या मागं पेटीचा नंबर असतो बराबर."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुमी बोलू कुठं देलं?"

आपल्याकडे माणसाचे नाव, बापाचे नाव आणि गाव लिहिले की कागद पोहोचतो, कारण पोस्टमन माणूस ओळखतो. तिथे माझ्या टाकीला आणि मशिदीला कोणी विचारत नव्हते. सोबत्याला पुन्हा फोन केला. त्याने पेटीचा नंबर एका दमात सांगितला. पहिल्या दिवशीही तो हेच सांगायला निघाला होता.

दुसरा कागद करायला तीन दिवस गेले, पोहोचायला आठवडा. तो पेटीत पडला त्याच्या दोन दिवस आधीच दफन उरकले होते.

मी गावात जाऊन म्हाताऱ्याला सगळे सांगितले. पत्ता माझा चुकला, हेही सांगितले. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मी निमूट ऐकल्या असत्या. तो म्हणाला, "तुमी मन लावून लिव्हलं व्हतं साहेब." आत त्याची बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती वळलीसुद्धा नाही.

पोस्टमनची मी सर्वांसमोर माफी मागितली. "जाऊ द्या साहेब," म्हणाला. पण पुढे ठाण्याचे टपाल तो दारातूनच देऊन जायचा, आत पाऊल टाकत नसे.

तीस वर्षे मी लोकांना बोलते करण्यात हुशार समजला जायचो. खरे तर मला हवे तेवढेच मी ऐकत होतो. एकाला फोनवर गप्प केले, दुसऱ्याला ठाण्यात. दोघांनाही माहीत होते, आणि दोघेही सांगायला तयार होते. ही चूक कुठल्या डायरीत येत नाही, तिला शिक्षाही नाही.

म्हाताऱ्याचे नंतर एकच मागणे होते. "त्याला जिथं पुरलं त्या जागेचा काही नंबर असन तर तेवढा मागवा." मी कंपनीला तीन पत्रे लिहिली, पेटीच्या बरोबर नंबरावर. तिन्ही पोहोचली, एकही परत आले नाही. उत्तर एकाचेही आले नाही. पहिली दोन वर्षे म्हातारा दर महिन्याला चौकशीला यायचा. आता हिंगोलीच्या मोंढ्यात कधी भेटला तर नमस्कार करतो आणि हळदीचा भाव सांगतो. पत्राचे विचारत नाही.