माझ्या पोटरीची चौकशी

गिरण्यांचा संप फसला, त्यानंतरची गोष्ट. मुलुंडच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी लोखंडी पत्रे उचलायचो. एकदा उचलताना कंबरेत अशी चमक भरली की तिथंच खाली बसलो. पुढे कित्येक महिने उजव्या पायात वरून खाली कळा. मग कळा थांबल्या आणि पोटरी वाढायला लागली. डावी होती तेवढीच, उजवी भोपळ्यासारखी. बायकोने पँटची शिवण उसवून आतून पट्टी लावली.

कामावरचे म्हणायचे, "काय रे, एकाच पायाची तालीम करतोस?" चाळीतले मात्र पायाकडे टक लावून बघायचे. आम्ही कोकणातली माणसं. एक पाय जाड दिसला की आमच्यात एकच नाव, हत्तीपाय.

सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईने नीट तपासलं. म्हणाली, "काका, हत्तीरोग नाही हा. कंबरेत नस दबलीय. ती पोटरीला उगाच हुकूम सोडत राहते. पोटरीला विसावाच नाही, म्हणून ती फुगलीय. दिसते पैलवानाची, पण जोर कमी झालाय." खरंच होतं ते. त्या चवड्यावर मला उभं राहता येत नव्हतं. आणि बसल्या जागी कातडीखाली मांस आपोआप फडफडायचं, टोपलीतल्या जित्या मासळीसारखं.

मी चौथीच्या पुढे गेलो नाही, तरी मला समजलं. चाळीला समजेना. बायको म्हणायची, "अहो, लांब पँट घाला." मी मुद्दाम हाफपँट घालून नळावर जायचो. झाकायचं ते चोरीच्या मालाला.

अशात मुलीला घाटकोपरचं स्थळ आलं. मुलगा फिटर, निर्व्यसनी. मुलीलाही तो आवडलेला दिसत होता. त्याची आई आणि मामा बरोबर आले. मुलगी चहाचं विचारून आत वळणार, तेवढ्यात मामा म्हणाला, "जरा चालून दाखव गं. आणि साडी थोडी वर घे, पाय दिसू देत."

चालून दाखवणं तेव्हा सगळीकडेच होतं. साडी वर घेणं नव्हतं. कुणीतरी चाळीतून त्याचे कान भरले होते.

मुलगी खाली बघत उभी राहिली. बायकोने मला डोळ्यांनीच दाबलं. मी उठलो.

"पाव्हणे, संशय माझ्या पायाचा ना? मग तिला कशाला चालवता? मी चालतो."

खोलीभर चाललो. मग पाय मामाच्या खुर्चीवरच ठेवला. "दाबा. सूज असेल तर बोटाचा खड्डा पडेल."

मामाने एक बोट लावलं. नेमकं तेव्हाच मांस फडफडलं. तो हात झटकून ओरडला, "आयला, आत काय आहे हे?"

"नस आहे. कंबरेतली. पोरीला नाही लागत ती."

"डॉक्टरची चिठ्ठी दाखवा म्हणजे झालं."

"चिठ्ठी नाही दाखवणार. पाय दाखवला तेवढा पुरे. आता तुमच्या मुलाला चालवा. पँट गुडघ्यापर्यंत."

बायकोने कपाळाला हात लावला. मामा उठला, चपला शोधत ओरडायला लागला. "चल रे, असल्या घरात सोयरीक नको."

मुलगा उठला खरा, पण दाराकडे गेला नाही. खाली वाकून त्याने पँटचे दोन्ही पायचे गुडघ्यापर्यंत दुमडले आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत चालला. काड्यांसारखे पाय, मोज्यांचे वळ उठलेले. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी फिसकन हसली. त्याच्या आईलाही हसू आवरेना. ती भावाला म्हणाली, "बस रे गप. नाहीतर आता तुझी पाळी येईल."

चहा घेऊन ते गेल्यावर बायकोने मला भरपूर सुनावलं. पोरीचं वाटोळं करायला निघाला होतात, म्हणाली. मग मुलीकडे वळली, "काय गं, काय सांगू त्यांना?"

कपबश्या गोळा करता करता मुलगी म्हणाली, "हो सांग. मामा ओरडत असताना चालला तो."