शहाण्णव सेंटिमीटरचा मीटर

गळ्यात टेप नसेल तर टेपकाकूंना सख्खी बहीणसुद्धा ओळखणार नाही, असं गल्लीतले लोक म्हणत. बाजारात जाताना, दवाखान्यात नंबर लावून बसताना ती पिवळी टेप गळ्यात असायचीच. एकदा ओळखपत्राच्या फोटोसाठी फोटोवाल्यानं ती काढायला लावली. फोटो असा काही आला की पुढं जो तो बघून विचारायचा, "ही कोण?"

त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दोन मशीनं, बेतायचं लांब टेबल, इस्त्री, आणि भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवलेल्या पिशव्या. प्रत्येक पिशवीत एका गिऱ्हाइकाचं कापड आणि त्याला टाचलेली, कापडाच्या दुकानाची पावती. काकूंचे वडीलही शिंपीच. त्यांच्या हाताखाली त्या नवव्या वर्षी काज करायला शिकल्या. वडिलांचा एकच नियम होता: उरलेला तुकडा बोटभर का असेना, गिऱ्हाइकाच्या कपड्याबरोबर बांधून द्यायचा. काकूंनी तो कधी मोडला नाही.

पण लोकांची तोंडं कोण धरणार? "अडीच मीटर दिलं होतं, मग बाह्या आखूड कशा?" "काकू, माझ्या कापडातून तुमच्या नातीचा फ्रॉक झाला वाटतं!" हसत हसत बोलायचे, पण टोचायचं ते टोचायचंच. वडिलांना म्हातारपणी एकानं भर दुकानात "कापडखाऊ" म्हटलं, तेव्हा त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली ती दोन दिवस उचलली नाही. काकूंच्या नणंदेनं तर कोटाच्या कापडावरून सहा वर्षं अबोला धरला होता. शिंप्याच्या धंद्यात हे चालायचंच, असं म्हणून काकू मशीनवर पाय मारत राहायच्या.

आणि मग शाळेचा पडदा आला.

जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या स्वतः गाडीतून मरून रंगाचा भला मोठा गठ्ठा घेऊन आल्या. शाळेच्या सभागृहातल्या रंगमंचाला नवा पडदा हवा होता. "चाळीस मीटर बरोबर आहे, काकू. चार मीटरचे दहा तुकडे जोडायचे. पंधरा दिवसांनी कार्यक्रम आहे."

काकूंनी कामाच्या गडबडीत गठ्ठा न मोजताच बेतायला घेतला. एक, दोन, तीन... नऊ तुकडे झाले. दहावा टेबलावर पसरला आणि त्यांचा हात जागीच थांबला. टेबलाच्या कडेपर्यंत जायचं कापड निम्म्याच्या थोडं पुढं जाऊन संपलं होतं. दोन मीटर चाळीस. काकूंनी पुन्हा मोजलं. मग नऊच्या नऊ तुकडे पुन्हा मोजले. सगळे चार-चारचेच होते.

मोठ्या बाईंना निरोप गेला, त्या आल्या, बघितलं, आणि चष्म्यावरून काकूंकडे पाहत म्हणाल्या, "एक मीटर साठ कापड गेलं कुठं मग?"

"मी काय सांगू, बाई? आलं तेच एवढं होतं."

"पावती चाळीसची आहे. शाळेचा पैसा आहे, काकू. मला याचं उत्तर द्यावं लागेल. आणि तुम्हालाही."

बाई गेल्या. काकू स्टुलावर बसल्या. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, पण त्याआधी एक भलतीच शंका आली. आपली टेपच तर चुकत नाही ना? कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून वाढते, आणि वाढलेली टेप कापड कमी दाखवते. म्हणजे इतकी वर्षं लोक खरं बोलत होते की काय! काकू तशाच उठल्या आणि शेजारच्या सुताराकडून पोलादी टेप मागून आणली. दोन्ही टेपा शेजारी शेजारी लावल्या. पिवळी टेप तसूभरही वाढलेली नव्हती.

"म्हणजे टेप बरोबर," काकू स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या. "मी बरोबर. मग चूक कोण?"

त्यांची नजर भिंतीवरच्या पिशव्यांकडे गेली. न बेतलेलं कापड, पावतीसकट! त्यांनी भराभर पिशव्या उतरवल्या. पहिली पावती: दोन मीटर. कापड: एक मीटर ब्याण्णव. दुसरी तीन मीटरची. कापड दोन मीटर अठ्ठ्याऐंशी. तिसरी दुसऱ्याच दुकानाची होती, ती पुरेपूर भरली. चौथी अडीचची, भरली दोन चाळीस. कमी भरलेल्या सगळ्या पावत्या एकाच दुकानाच्या होत्या. चौकातलं मोठं कापडाचं दुकान. पडदाही तिथलाच. आणि प्रत्येक वेळी मीटरमागे चार सेंटिमीटर कमी. ना तीन, ना पाच.

माणसाचा हात चुकतो तेव्हा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. हा हात एकाच बाजूला चुकत होता.

"अहो!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या, की माडीवर झोपलेले त्यांचे यजमान चप्पल न घालताच खाली धावले.

"काय झालं? बोटात सुई गेली?"

"सुई नाही, चोर! चोर सापडला!"

यजमान पोस्टातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्या दुकानातून तू स्वतः कितीदा अस्तर आणलंस. ते कधी कमी भरलं?"

काकूंनी आठवून बघितलं. खरंच की. कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चौकातल्या दुकानात हजर. "एक मीटर अस्तर द्या." गल्ल्यावरच्या शेठनी ओळखीचं हसून मान डोलावली, नोकरानं काउंटरखालून लाकडी पट्टी काढली आणि अस्तर मोजून फाडलं. काकूंनी तिथंच टेप लावली. शंभर! उलट दोन बोटं जास्तच. काकूंचा चेहरा पडला. यजमानांचं म्हणणं खरं होतं की काय?

पिशवी उचलून त्या निघाल्या, तेवढ्यात पलीकडच्या काउंटरवर एक बाई चादरीचं कापड घेताना दिसली. तिला कापड मोजून देणाऱ्या नोकराच्या हातातली पट्टी वेगळी होती. दोन्ही टोकांना चकचकीत पितळी टोप्या. काकूंना दिलेल्या पट्टीला टोपी नव्हती!

त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिंपी घरी जाऊन मोजणार, म्हणून शिंप्याला खरी पट्टी. बाकीच्या जगाला टोपीवाली. आणि वर गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलंच, तर शेठचं ठरलेलं उत्तर: "आमच्याकडे माप चोख आहे. तुमच्या शिंप्याला विचारा." चोर तो चोर, वर शिरजोर!

पण टेप लावून पट्टी मोजायला गेलं तर शेठ सावध होणार. काकू कापड बघण्याच्या निमित्तानं पलीकडे सरकल्या. "काय छान रंग आहे हो," असं म्हणत त्यांनी काउंटरवर आडव्या पडलेल्या पट्टीवर सहज हात ठेवला. पट्टीच्या मध्यावर पन्नासची लाल खूण होती. काकूंची बोटं लांब, वीत ऐसपैस. लाल खुणेपासून डाव्या टोकापर्यंत दोन विती बरोबर बसल्या. उजव्या बाजूला दोन विती झाल्या आणि वर दोन बोटं पट्टी उरली.

पट्टीचा मध्य मध्यात नव्हता! डावीकडून कुणीतरी पट्टी कापली होती आणि पहिले आकडे गेलेले दिसू नयेत म्हणून वर टोपी चढवली होती.

ओरडावं असं आतून उसळून येत होतं. काकूंनी दातांखाली ओठ धरला, "पुन्हा येते," म्हणाल्या आणि दुकानाबाहेर पडल्या. आयुष्यात एवढा वेळ गप्प राहणं त्यांना कधी जमलं नव्हतं, असं यजमान पुढं सगळ्यांना सांगायचे.

वजनमापे कार्यालयातल्या निरीक्षकांपुढं कागदांचे ढीग होते आणि चेहऱ्यावर कंटाळा. "लेखी द्या, बघू," ते म्हणाले. काकूंनी टोपीवाल्या पट्टीची हकीकत सांगितली, टेबलावर पावत्या मांडल्या, शेजारी कापडं मांडली आणि त्यांच्याच हातात टेप दिली. "साहेब, तुम्हीच मोजा." तिसऱ्या कापडाला निरीक्षक खुर्चीतून उठले. चौथ्याला त्यांनी दार लावून घेतलं. "काकू, शनिवारी त्यांचा सेल आहे ना? माझा चेहरा तिथं कुणी बघितलेला नाही. पण तुम्हाला खरी पट्टी मिळणार. गिऱ्हाईक दुसरं कुणी हवं."

काकू तिथून थेट शाळेत गेल्या. मोठ्या बाईंनी त्यांना बघून तोंड वळवलं, पण ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चष्मा नाकावरून घसरत टोकाशी आला. "मी येते," त्या एवढंच म्हणाल्या.

शनिवारी दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. 'तीन मीटरवर अर्धा मीटर मोफत' अशी पाटी लावलेली. काकू दाराशी, गर्दीआड उभ्या होत्या. गळ्यातली टेप यजमानांनी काढून स्वतःच्या खिशात ठेवली होती. निरीक्षक हातात पिशवी घेऊन चादरी चाळत होते. मोठ्या बाई काउंटरशी पोचल्या. "पाच मीटर द्या."

पितळी टोप्या चमकल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. कापड फाटल्याचा चर्र आवाज आला, पावती झाली, आणि निरीक्षकांनी पिशवीतून सरकारी शिक्क्याचा पोलादी मीटर काढला. "थांबा. जरा मोजू."

कापड भरलं चार मीटर ऐंशी.

शेठ हसले. "साहेब, गर्दीत नोकरानं ढिलं धरलं असेल. माणूस आहे." बोलता बोलता त्यांनी टोपीवाली पट्टी उचलून काउंटरखाली सरकवायला घेतली. पण गर्दीतून वाट काढत काउंटरवरून एक हात आत गेला आणि पट्टीचं दुसरं टोक घट्ट धरलं. टेपकाकू!

"सोडा!" शेठ ओरडले.

"चाळीस वर्षं कात्री धरलेला हात आहे, शेठ. सुटायचा नाही!" काकूंचा आवाज दुकानभर घुमला. "साहेब, डावीकडची टोपी काढून बघा!"

निरीक्षकांनी पेचकस लावला. टोपी दोनदा डुगडुगली आणि टणकन फरशीवर पडली. खाली करवतीनं कापलेलं लाकूड, आणि पट्टीवरचा पहिला आकडा चार. टोकावर शून्य नाही, एक नाही. थेट चार.

"पितळ उघडं पडलं की हो!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि सगळं दुकान हसण्यानं फुटलं. हसणं थांबलं तेव्हा आरडाओरडा सुरू झाला. "माझे पडदे!" "माझ्या मुलांचे गणवेश!" "आणि मी शिंप्याशी भांडले!" पिशव्या उघडल्या, लोक काउंटरवरच कापडं पसरून मोजायला लागले. शेठ गल्ल्यामागे घाम पुसत उभे होते. हळू आवाजात म्हणत होते, "देतो, कमी असेल ते सगळं देतो."

त्या गोंधळात मोठ्या बाई काकूंजवळ आल्या. त्यांनी आवाज खाली आणला नाही, उलट चढवला. "सगळ्यांच्या देखत सांगते. मी या बाईंना चोर समजले. माझं चुकलं."

काकूंनी उगाचच गळ्याशी हात नेला. तिथं टेप नव्हती.

पट्ट्या जप्त झाल्या, पुढं खटला उभा राहिला, दंड झाला. ज्यांच्याकडे पावत्या होत्या त्यांना कमी पडलेलं कापड मिळालं, आणि शाळेला पडद्याचा दहावा तुकडा. त्याच शनिवारी संध्याकाळी नणंदेचा फोन आला होता.

"वहिनी, तो कोट..."

"कसला कोट?" काकूंनी मुद्दाम विचारलं.

"अगं, तोच! तिथूनच घेतलं होतं कापड. मी..." पलीकडून हुंदका आला, मग हसू. दोघी पाऊण तास बोलल्या. कोटाचा विषय पहिल्या पाच मिनिटांतच संपला होता.

पुढच्या आठवड्यात काकूंच्या दुकानापुढं वेगळीच रांग लागायला लागली. शिवायला नव्हे, मोजायला. कुणी फीत आणायचं, कुणी गालिचा, कुणी विजेची तार. "मी शिंपीण आहे हो, पंचायत नव्हे," असं म्हणत काकू उठायच्याच.

एका सकाळी एक आजोबा दोरीचं वेटोळं घेऊन आले. "तीस मीटर म्हणून घेतलीय. विहिरीला पुरायला हवी. मला शंका येते." टेबल पुरेना, म्हणून दोरी गल्लीत पसरली. एक टोक आजोबांनी धरलं, मधे यजमान, आणि काकू टेप लावत वाकून वाकून पुढं चालल्या. खिडक्यांतून लोक डोकावले. दहा. वीस. "कमी भरणार बघा," कुणीतरी वरून म्हणालं. पंचवीस. एकोणतीस. काकू शेवटच्या टोकाशी पोचल्या, टेप लावली, पुन्हा लावली, आणि सरळ उभ्या राहिल्या.

"साडेतीस!"

"काय?" आजोबा ओरडले.

"साडेतीस भरली, आजोबा! अर्धा मीटर जास्त दिलीय त्यानं!" काकूंचा चेहरा फुलून आला होता. "कुठलं दुकान? चला, मला दाखवा. त्या माणसाला भेटायचंय मला!"

आणि मशीनवर अर्धवट शिवलेला शर्ट तसाच सोडून, गळ्यातली टेप सावरत, त्या आजोबांच्या पुढं चालायला लागल्याही.