तिच्या गोष्टीतला आवाज

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. विषय निघालाच तर शाळेतलं दुसरं काहीतरी सांगायचो.

निवृत्तीनंतर मी आकुर्डीतल्या एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस नववीला इंग्रजी शिकवायला जायचो. मुलं फळ्यावरचं उतरवून घेत, पण मनाने एक ओळ लिहीत नसत. म्हणून मोबाइलवरच्या गोष्टी सुरू केल्या. घरचे आठ फोटो काढायचे, प्रत्येकासाठी दोन-तीन इंग्रजी वाक्यं लिहायची, ती आपल्या आवाजात वाचायची आणि सगळं जोडून छोटा व्हिडिओ करायचा.

मागच्या बाकावरच्या एका मुलीची वही तोवर जवळजवळ कोरीच होती. तिच्या वडिलांचं स्टेशनजवळ दुचाकीचं गॅरेज होतं. आवाज ऐकून ते इंजिनातला बिघाड कसा ओळखतात, हे तिने लिहिलं. लिहायची, रेकॉर्ड करायची, ऐकायची आणि कानाला खटकलेलं वाक्य खोडून पुन्हा लिहायची. असं चार वेळा केलं. मी सांगितलं नव्हतं.

शाळेला मदत करणाऱ्या चाकणच्या एका कंपनीचे साहेब या गोष्टी दाखवायच्या कार्यक्रमाला येणार होते. पालकही येणार होते. मी तिची गोष्ट निवडली आणि तिचा आवाज काढून तिथे एका इंग्रजी माध्यमातल्या मुलीचा आवाज घातला. तिला विचारलं नाही. तिच्या उच्चारांना कोणी हसू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी निघोज्याच्या शेतकरी घरातला. माझ्या इंग्रजीला लोक नोकरीभर हसले होते. मी शिकवलेलं इंग्रजी ऐकून साहेबांनीही मला हसू नये, एवढंच होतं.

व्हिडिओ संपला. टाळ्या झाल्या. तिचे वडील गॅरेज बंद ठेवून आले होते. जवळ येऊन म्हणाले, "काय सर, आमची पोरगी आठ दिवसांत पुण्याची झाली का काय?"

मी म्हणालो, "जरा सफाई केली, भाऊ."

"इंजिन चांगलं चालत असलं तर मी खोलत नाय, सर," ते म्हणाले. हसतच म्हणाले.

 दुसऱ्या दिवशी मुलीने मूळ रेकॉर्डिंग मागितलं. मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून मी ते पुसलं होतं. तसं सांगितलं. ती "बरं सर" म्हणाली. पुढे वर्षभर तिने फक्त फळ्यावरचं उतरवलं. मी तिच्या वहीवर बरोबरची खूण करत राहिलो.

गेल्या वर्षी स्कूटर घेऊन त्या गॅरेजमध्ये गेलो. ती तिथे होती. आता चाकणला एका कंपनीच्या ऑफिसात काम करते.

"ओळखलंत का सर?"

"ओळखलं. काही लिहितेस का?"

"मेल लिहिते. साहेब सांगतात तसे."

तिने मला स्टूल दिलं. वडील आत दुसरी गाडी बघत होते. आम्ही दोघंच होतो, वेळही होता. तुझा आवाज मी काढायला नको होता, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मागचा ब्रेक जरा सैल झालाय, वडलांना सांग."