बाबांसाठी अँटेना

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचा. स्पीच थेरपीच्या बाई कप, गाय, घड्याळ अशी चित्रं दाखवायच्या आणि बाबा तोंड फिरवायचे. जन्मभर ऑफिसात लोकांची इंग्रजी पत्रं दुरुस्त केलेला माणूस असा गाय-गाय म्हणेल होय? आई देवापुढे एकच मागायची, यांचा आवाज एकदा कानावर पडू दे. मला नुसता राग यायचा. कुणाचा, तेही कळायचं नाही.

त्यात टीव्हीचा छळ. केबलच्या बॉक्सचा रिमोट वेगळा, टीव्हीचा वेगळा. बाबांचा डावा हात तेवढा चालायचा. चुकीचं बटण दाबलं की पडद्यावर काहीबाही यायचं आणि ते तसेच बसून राहायचे. कुणाला हाक मारणार? मी म्हटलं, खड्ड्यात गेली ती केबल. एक बटण दाबलं की बातम्या लागल्या पाहिजेत. अँटेना लावू.

आजकाल अँटेना कोण लावतं मॅडम, म्हणत दुकानदाराने खिडकीत चिकटवायचा चपटा अँटेना गळ्यात मारला. आमच्या नाहूरच्या घरासमोर आता टॉवरच टॉवर. चित्राचे नुसते चौकोन पडायला लागले. तो परत करून गच्चीवरचा, आडव्या काड्यांचा आणला. गच्चीला नुकतंच वॉटरप्रूफिंग झालंय, एक भोक पाडायचं नाही, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी बजावलं. म्हणून तो मी पाण्याच्या टाकीच्या शिडीला क्लॅम्पने आवळला आणि वायर खिडकीतून घरात सोडली.

राहिलं होतं त्याचं तोंड दूरदर्शनच्या वरळीच्या मनोऱ्याकडे करणं. माझ्या लहानपणी गच्चीवर बाबा असायचे आणि खिडकीत मी. ते वरून विचारायचे, आलं का? मी खालून सांगायची, आलं, गेलं. आता वर मी होते. आईला फोन स्पीकरवर ठेवून टीव्हीसमोर उभं केलं होतं.

अँटेना जरासा फिरवून मी विचारलं, "आलं का?"

"आलं."

आवाज जड, घोगरा. आईचा नव्हता.

मग मी अँटेना मुद्दाम फिरवला. त्याचं मला आजही काही वाटत नाही. "गेलं," फोनमधून आवाज आला. सरळ केला. "आलं." पुन्हा फिरवला, तेव्हा बाबा करवादले, "काय करतेयस गं?"

अँटेना सरळ करून मी धावत खाली आले. आई स्वयंपाकघरात होती. दूध उतू जाईल म्हणून फोन बाबांजवळ ठेवून गेली होती. तिने काहीच ऐकलं नव्हतं.

ती संध्याकाळभर त्यांच्यासमोर बसली. अहो, बोला ना, म्हणत राहिली. बाबांच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, शब्द काही फुटला नाही. थेरपीच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, खूप सवयीचं बोलणं कधीकधी असं आपोआप निसटतं, मागून मिळत नाही. आईने ऐकून घेतलं.

सकाळी तिने गुडघ्यांना पट्टे बांधले. "तू बस यांच्याजवळ. मी वर जाते."

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. आई देवळात जायलाही जिना उतरत नव्हती. मी खूप भांडले. चित्र कालपासून स्वच्छ आहे, आता वर जाऊन काय करणार, असंही विचारलं. ती कठड्याला धरून एकेक पायरी चढत गेली.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. मी तो बाबांपुढे धरला. आधी नुसती धाप ऐकू आली. मग ती म्हणाली, "अहो, आलं का?"

बाबांनी टीव्हीकडे पाहिलं. मग फोनकडे. ओठ थरथरत राहिले. आईने पुन्हा विचारलं.

"आलं," बाबा म्हणाले. "उतर आता. पडशील."

आईने फोन बंद केला नाही. मी तिला आणायला वर पळाले.