दोन गेटांमधला रस्ता

सोमवारी सकाळी हे रांजणगावला कामावर गेले. दुपारच्या आत कंपनीतून फोन आला. हे गेले होते.

माझे यजमान जन्मभर ट्रक चालवत होते. दौंडच्या मालधक्क्यावरून सुरुवात केली, मग देशभर फिरले. मी शिरूरच्या वाचनालयात काम करते. आमच्या घरात मी वाचायचे आणि ते ऐकायचे.

गुडघे दुखायला लागले तशा लांबच्या फेऱ्या सुटल्या. तेव्हा एका कारखान्यात त्यांना काम मिळालं. तिथला ट्रक आवारात आपला आपण चालायचा. पण कारखान्याची आवारं दोन, आणि मध्ये सार्वजनिक रस्ता. पाहणीला आलेल्या आरटीओच्या साहेबांनी बजावलं होतं, रस्त्यावर परवाना असलेला माणूसच गाडी चालवेल. म्हणून या गेटपासून त्या गेटपर्यंत स्टिअरिंग यांच्या हातात.

"एवढ्याशा रस्त्यासाठी माणूस ठेवतात?" मी विचारलं.

"रस्ता सरकारचा हाय. मशीनला लायसन कोण देतंय?" मग म्हणाले, "आन् दिलं, तर मी घरी."

बोलले हसतच, पण तेव्हापासून रोज संध्याकाळी विचारू लागले, "आज पेपरात काय आलंय का? ड्रायव्हर हाय ना अजून कायद्यात?" मग मी वाचनालयात विनाचालक गाड्यांच्या बातम्या शोधायचे. परदेशात काय नियम केलेत, आपल्याकडे काय चर्चा चालली आहे. "आहे," असं सांगितलं की ते जेवायला बसत. घरी बसायची त्यांना भीती वाटत होती. ते तसं कधी म्हणाले नाहीत.

अडचण आली ती वेगळीच. गाडी रस्त्यावर काढण्याआधी ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवत, कपाळ टेकवत आणि डोळे मिटत. ही त्यांची जुनी सवय. या ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरा होता. चालकाचे डोळे उघडे दिसले तरच ट्रक त्याच्या हाती ताबा देई. पहिल्याच दिवशी गेटपाशी भोंगा वाजला. कंट्रोल रूममधली इंजिनिअर मुलगी धावत आली.

"मामा, झोप लागली का?"

"न्हाई. पाया पडत व्हतो."

"कुणाच्या?"

"गाडीच्या. तुमी न्हाई का कम्प्युटरच्या पाया पडत?"

"पडतो ना, बंद पडला की."

तिने डोळे उघडे ठेवून नमस्कार करायला सांगितलं. दोन दिवस तसं करून पाहिलं. घरी येऊन मला म्हणाले, "तुझ्या बापाच्या पाया पडल्यासारखं वाटतंय. नुसतं तोंडदेखलं." पुन्हा डोळे मिटायला लागले. शेवटी त्या मुलीनेच कंट्रोल रूममध्ये सांगून ठेवलं, गेटपाशी भोंगा वाजला तर धावू नका, मामांचा नमस्कार असतो. सगळ्यांना तो ठाऊक झाला. त्याची थट्टा चाले, पण मायेची.

त्या सोमवारी भोंगा वाजला. "मामांचा नमस्कार," कुणीतरी म्हणालं. भोंगा थांबेना. ट्रकने ताबा दिला नाही, तो गेटातच उभा राहिला. मागचा टेम्पोवाला हॉर्न मारू लागला तेव्हा गेटवरचा वॉचमन केबिनमध्ये चढला. यांचं कपाळ स्टिअरिंगवर होतं.

डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेले, कुणी लगेच पोहोचलं असतं तरी उपयोग नव्हता. मी ते खरं मानलं आहे.

तेराव्यानंतर ती मुलगी घरी आली. चहा तिच्यासमोर निवून गेला. "काकू, धावू नका असं मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. मी तिला यांनी माझ्या वडिलांवरून मारलेला तो टोमणा सांगितला. ती हसली, आणि मग तिला रडू आवरेना. मी म्हटलं, "तोंडदेखला नमस्कार करून त्यांनी गाडी चालवली नसती. तुझ्यामुळे ते शेवटपर्यंत त्या सीटवर राहिले." तिला बरं वाटावं म्हणून मी हे बोलले नाही. ते तसंच होतं.

आता त्या सीटवर वरवंडचा एक ड्रायव्हर बसतो. तो खाली उभा राहून नमस्कार करतो आणि मग वर चढतो. भोंगा वाजला की आता लगेच कुणीतरी धावत जातं. मी रोज संध्याकाळी पेपर वाचते. ड्रायव्हर अजून कायद्यात आहे.