नेव्हचं कार्ड

आमच्या गल्लीचा कचरा सव्वीस वर्षं नेव्ह पेनहॅलुरिकनं उचलला. दर मंगळवारी सकाळी साडेसहाला त्याची गाडी यायची, बाजूचा लोखंडी हात बाहेर काढून डबा कवेत घ्यायची, डोक्यावर उलटा करायची आणि परत जागेवर ठेवायची. नेव्ह आत बसून नुसता दांडा हलवायचा. त्यामुळे त्याचं तोंड सगळ्यांना पाठ. पाय मात्र क्वचितच दिसायचे. ख्रिसमसला आम्ही डब्याच्या झाकणावर बिअरचा खोका ठेवतो, तेवढा घ्यायला तो उतरायचा.

एरवी उतरायचा तो समोरच्या स्क्यूज बाईंसाठी. बाई ब्याऐंशीच्या, डबा बाहेर काढायला हमखास विसरणार. नेव्ह दोनदा हॉर्न द्यायचा, मग स्वतःच अंगणातून तो चाकांचा डबा ओढत आणायचा आणि वर बोलणी खायचा.

"माझ्या गुलाबांवरून चाकं नेलीस ना मेल्या?"

"तुमचे गुलाब मागच्याच वर्षी वारले, बाई."

तर असा हा नेव्ह निवृत्त होणार होता. शेवटच्या मंगळवारी काम आटोपलं की दुपारीच मोटारीमागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून बायकोसकट वर्षभरासाठी उत्तरेला. मी दारोदार फिरून एका मोठ्या कार्डावर सगळ्यांच्या शुभेच्छा गोळा केल्या. आमच्याकडे माणसाला तोंडावर चांगलं म्हणत नाहीत. कार्डं असतात ती त्याचसाठी. मी लिहिलं, "नेव्ह, आता तरी अंघोळ कर." बाईंनी लिहिलं, "आता स्वतःच्या घरचा डबा वेळेवर काढ." शेजारच्या ग्रॅहम ट्रेझाइजनं मात्र कार्ड तीन दिवस ठेवून घेतलं. बायको सोडून गेल्यापासून हा माणूस फुटबॉलपलीकडे अवाक्षर बोलत नाही. परत दिलं तेव्हा आत घडी घातलेला कागद चिकटवलेला, चारही बाजूंनी चिकटपट्टी. मी दिव्यासमोर धरून पाहिलं. काही दिसलं नाही.

मंगळवारी कार्डाचं पाकीट माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवलं आणि सगळी गल्ली पडद्याआड उभी राहिली. सोबत बिअरचा खोका असता तर नेव्हला दिसला असता. पण बिअर गार राहावी म्हणून मी ती फ्रिजमध्ये ठेवलेली. ही माझी अक्कल! हात आला, डबा उचलला, उलटा केला. पाकीट सगळ्यांच्या देखत आत गेलं.

"अरे थांब!" मी गाऊनवरच रस्त्यात.

नेव्हनं काच खाली केली. "काय गं रॉबिन, नवरा टाकायचा राहिला का?"

"तुझं कार्ड टाकलंस! अख्ख्या गल्लीनं लिहिलेलं!"

यंत्रानं तोवर सगळं दाबून टाकलं होतं. "माझं?" तो म्हणाला. बस्, एवढंच. आणि हळूच खाली उतरला.

मला तोंड कुठे लपवू असं झालं. दुपारी हा जाणार, आणि एकाचाही शब्द त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. दारं उघडली. स्क्यूज बाई काठी टेकत आल्या.

"आता ज्यानं त्यानं तोंडानं सांगा. नेव्ह, आमचे हे गेले तेव्हा आठवड्यात माझ्याशी पहिलं बोलणारं माणूस मंगळवारी यायचं. ते तू."

"बाई, कार्डावर हे नव्हतं!" मी म्हटलं.

"जागा कुठे ठेवली होतीस? अर्धं कार्ड तुझ्याच अंघोळीनं भरलेलं."

मग एकेक जण पुढे झाला, पायांकडे बघत काहीतरी बोलला. नेव्ह प्रत्येकाला "बरं, बरं" म्हणत होता. शेवटी ग्रॅहम उरला. कान लालबुंद.

"नेव्ह... टायरची हवा बघून निघ."

सगळे थांबलो. पुढे काहीच येईना. ग्रॅहम दोन पावलं परतला, पुन्हा वळला. मी एव्हाना फ्रिजमधून आणलेल्या बिअरच्या खोक्याची एक बाजू त्यानं टरकन फाडली, बाईंच्या खिशातली शब्दकोड्याची पेन्सिल मागून घेतली आणि गाडीच्या चाकावर टेकवून लिहीत बसला. पुठ्ठा नेव्हच्या हातात कोंबला आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

नेव्हनं वाचलं. पुन्हा वाचलं. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बाहीनं नाक पुसलं.

"काय लिहिलंय रे?" मी अगदी गोड आवाजात विचारलं.

"रॉबिन, तुझ्या डब्यात काय काय निघतं ते ग्रॅहमला कधी सांगितलं का मी?"

मी गप्प बसले. गल्लीत हे पहिल्यांदाच घडलं, असं स्क्यूज बाई अजून सगळ्यांना सांगतात.